कॉम्पोझिट सॉफ्टबॉल बॅट 'उघडणं': जळगाव, डिसेंबर ते फेब्रुवारी, आमच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४, रविवार

दादा काल रात्री आला अमेरिकेहून आणि बॅट आणली. लेकीने बॅग पुरती उघडायच्या आधीच बॅटचा नॉब, म्हणजे मुठीच्या टोकाचा गोळा, बघून ओळखलं. विमानात हातातल्या बॅगेत बॅट नेऊ देत नाहीत म्हणून मोठ्या सुटकेसमध्ये तिरकी टाकून आणली, ३२ इंच म्हणजे ८१ सेंटीमीटर, तिरकीच बसते. किंमत २२९ डॉलर, आपले साधारण साडेएकोणीस हजार. एवढे पैसे एका बॅटवर मी आयुष्यात पहिल्यांदा घातले. ती नीट उघडली नाही, म्हणजे फटके मारून मोकळी झाली नाही, किंवा फुटली तर दुसरी येणार नाही, म्हणून या नोंदी लिहायला घेतल्या. आपल्याकडे आता बऱ्याच मुलींकडे कॉम्पोझिट बॅट येतायत, कुणाचा मामा आणतो कुणाची आत्या, पण ती वापरायला कशी काढायची हे सांगणारं कुणी नसतं.

मी स्वतः कॉलेजात खेळले. आमच्या वेळी अ‍ॅल्युमिनियमची बॅट, पिशवीतून काढली की मारायला सुरुवात, तिला काही करावं लागत नाही. कॉम्पोझिट म्हणजे कार्बन फायबरचे थर रेझिनमध्ये बसवलेले, नवी असताना बॅरल, म्हणजे बॉल लागतो तो जाड भाग, कडक असतं आणि बॉल लागून लागून हळूहळू लवायला लागतं. दुकानदाराने दादाला सांगितलं तीनशे-चारशे फटके मारून घ्या मग मॅचला काढा. बस, एवढीच माहिती हातात.

आज मोजमाप केलं. बॅटवर ३२ इंच आणि मायनस १० लिहिलंय, म्हणजे इंचांच्या आकड्यापेक्षा औंस दहाने कमी, २२ औंस, म्हणजे ६२४ ग्रॅम व्हायला पाहिजे. किचनच्या वजनकाट्यावर ६५७ भरली. पोरगी म्हणाली "आई, फसवलं वाटतं मामाला", पण ग्रिप वगैरे धरून छापलेल्यापेक्षा थोडं जास्त भरतंच, तिची जुनी अ‍ॅलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची बॅट पण छापल्यापेक्षा वीस ग्रॅमने जड निघाली. बॅरलची जाडी सव्वादोन इंच, त्याहून जास्त चालत नाही. फास्टपिचचा (वेगाने बॉल टाकतात त्या खेळाचा) शिक्का आहे का ते दादाला घेतानाच व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावलं होतं. स्लोपिचची (हळू बॉल टाकतात त्याची) बॅट वेगळी असते, दिसायला तशीच. कुणाकडून मागवणार असाल तर हे आधी बघा, नंतर परत पाठवायला अमेरिका काय शेजारी नाही.

पावती प्लास्टिकमध्ये घालून कपाटात.

१८ डिसेंबर

टी बनवली, म्हणजे बॉल वर ठेवून मारायचा उभा स्टँड. विकतची अडीच हजाराच्या खाली मिळेना. दीड इंची पीव्हीसी पाईप, खाली लोखंडी प्लेट वेल्डिंगवाल्याकडून, त्यावर पाईप उभा. पाईप १४०, प्लेट आणि वेल्डिंग ३५०. वर बॉल ठेवायला पाईपचंच तोंड तापवून थोडं रुंद केलं आणि हीच चूक झाली, पण ती नंतर कळली.

मागच्या पार्किंगमध्ये नायलॉनची जाळी टांगली, १० बाय १०, अकराशे रुपये. बॉल जाळीतून मागच्या भिंतीवर आपटून दणदण आवाज यायला लागला, वरच्या मजल्यावर म्हातारे आजी-आजोबा आहेत, म्हणून जाळीच्या मागे आईच्या दोन जुन्या गोधड्या लावल्या. आवाज एकदम बसला. बॉल पण गोधडीवरून सरळ खाली पडतो, आणायला पळावं लागत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज सुरुवात केली आणि आजच चुकलो.

शाळा दुपारची, म्हणून सकाळी साडेसहाला उतरलो. पोरगी जॅकेट घालून. २६ फटके मारले, हाताला झिणझिण्या आल्या म्हणाली, मी म्हटलं नवी बॅट आहे, येणारच. वर आल्यावर चहा घेताना दादाने पिशवीतला कागद हातात दिला, जो आम्ही कुणीच वाचला नव्हता. त्यात लिहिलंय ६० फॅरनहाइटच्या खाली वापरू नका, म्हणजे साडेपंधरा डिग्री. मोबाईलवर बघितलं, जळगावला सकाळी ११ होतं.

थंडीत रेझिन कडक होतं आणि बॉलही कडक होतो, त्यात फटका बसला की बॅरलला तडा जायची भीती. पोटात गोळाच आला. खिडकीच्या उजेडात बॅरल फिरवून फिरवून बघितलं, काही दिसलं नाही. एक साधी युक्ती कळली ती लिहून ठेवते, कापूस घेऊन बॅरलवरून हलका फिरवायचा, कुठे तंतू अडकला तर तिथे बोटाचं नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर तडा, नुसती रेघ दिसतेय पण नख अडकत नाही तर वरच्या रंगाची रेघ. रंगाच्या बारीक जाळ्यासारख्या रेघा वापराने येतातच, त्याला घाबरू नका.

कापूस कुठेच अडकला नाही. पण ते २६ फटके मी हिशोबात धरणार नाही, ते पूर्ण ताकदीने मारलेले आणि थंडीत. शून्यापासून सुरू.

आता प्रश्न वेळेचा. सकाळी थंडी, दुपारी शाळा, संध्याकाळी साडेपाचला सुटते, सहाला अंधार पडायला लागतो. म्हणजे उरले रविवार आणि सुट्ट्या.

२२ डिसेंबर

शेजारचे काका आयुष्यभर क्रिकेट खेळलेले, त्यांनी बॅट बघितली आणि लगेच घरून लाकडी हातोडी घेऊन आले. म्हणाले विलोची बॅट आपण आठ-आठ दिवस ठोकतो, अळशीचं तेल लावतो, हिलाही ठोकून देऊ, पोरीचे हात कशाला दुखवायचे. काका मनाने फार चांगले, आणि मलाही ते पटलं, कारण वेळ नव्हताच. त्यांनी बॅरलच्या टोकाकडे पंधरा-वीस ठोके मारले. मग एका जागी रंगाची टिकली उडाली, तांदळाच्या दाण्याएवढी.

तिथेच थांबवलं. विलोमध्ये लाकडाचे तंतू दाबून घट्ट करायचे असतात म्हणून हातोडी. इथे उलटं आहे, बॅरलला सगळीकडून थोडं थोडं मोकळं करायचंय, आणि हातोडी एकाच बिंदूवर मारते. सॉफ्टबॉल १२ इंच घेराचा, तो बॅटवर चपटा होऊन मोठ्या जागेवर बसतो. दोन्हींचा काही संबंधच नाही, आणि मी इतकी वर्षं खेळून हे मला आधी सुचायला हवं होतं. तेल तर कॉम्पोझिटला चुकूनही नको.

अमेरिकेत काही लोक बॅट रोलरमध्ये दाबून उघडून घेतात, दादाने तेही विचारलं होतं. तिथल्या सॉफ्टबॉलच्या नियमात ती बदल केलेली बॅट धरतात. आमच्या घरात तो विषय संपला.

टिकली उडाली तिथे नख अडकत नाही. तरी रोज बघणार.

२५ डिसेंबर, बुधवार, नाताळची सुट्टी

दुपारी १२ वाजता, २६ डिग्री. आज खरी सुरुवात.

ठरवलेला क्रम असा: आधी टीवर अर्ध्या ताकदीने, मग सॉफ्ट टॉसवर (बाजूने हळू वर टाकलेल्या बॉलवर) पाऊण ताकदीने, मग समोरून टाकलेल्या बॉलवर पूर्ण ताकदीने. पहिल्या दोन टप्प्यांत प्रत्येकी १२०, शेवटच्या टप्प्यात १६०, एकूण ४००. अर्धी ताकद म्हणजे किती हे पंधरा वर्षांच्या मुलीला समजावणं सोपं नाही. तिच्या अंगात मारायची सवय. शेवटी मी सांगितलं, जाळीपर्यंत बॉल जायला पाहिजे पण गोधडी हलायला नको. ते बरोबर लागू पडलं.

४० झाले. मग बॅरलकडे बघितलं तर बॉलच्या चामड्याचे सगळे डाग एकाच बाजूला! ती नेहमी कंपनीचं नाव वर ठेवून बॅट उचलते, लाकडी बॅटची जुनी सवय, मीच लावलेली. कॉम्पोझिटला उजवी-डावी बाजू नसते, गोल बॅरल सगळीकडे सारखंच मोकळं व्हायला पाहिजे. एक बाजू मऊ आणि तीन बाजू कडक ठेवून काय उपयोग.

उपाय: नॉबच्या कडेला नेलपॉलिशचे चार ठिपके, पाव पाव फेऱ्यावर. लाल, गुलाबी, पांढरा, निळा. बॅरलवर काही लावलं नाही, फक्त नॉबवर. प्रत्येक फटक्यानंतर पुढचा ठिपका वर. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर चार रकाने आखले आणि बाबांना बसवलं खुर्चीवर पेन घेऊन. ते म्हणाले मी काय स्कोअरर का, पण बसले.

आजचे ४० एकट्या लालच्या रकान्यात. पहिल्या टप्प्याच्या वाट्याला एका बाजूला ३० येतात, लालचे १० जास्तीचे झाले, ते पुढच्या टप्प्यात वळते करायचे.

२९ डिसेंबर, रविवार

गुलाबी, पांढरा, निळा, प्रत्येकी ३०. तीन बैठकींत केले, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं आराम. पहिला टप्पा पूर्ण.

मधेच टीची चूक कळली. स्विंग जरा खाली गेला की बॅट पाईपच्या कडक तोंडावर घासते. बॅरलच्या खालच्या भागात दोन पांढरे ओरखडे दिसले. लगेच बंद केलं, गॅरेजमधून जुन्या गाडीच्या रेडिएटरचा रबरी होज वीतभर आणला, गॅरेजवाल्याने पैसे घेतले नाहीत, आणि पाईपचं वरचं टोक कापून त्यावर होज बसवून क्लिप लावली. आता बॅट लागली तरी होज वाकतो. हे पहिल्या दिवशीच करा.

संध्याकाळी मैदानावर जाऊन एक मोजणी केली, पुढे तुलना करायला. टीवर दहा बॉल जुन्या अ‍ॅलॉयने, दहा नव्या बॅटने, पूर्ण ताकदीने, बॉल जमिनीवर पहिल्यांदा जिथे पडला तिथपर्यंत माझी पावलं. घरंगळलेलं धरलं नाही. अ‍ॅलॉय सरासरी ४४ पावलं. नवी बॅट ४१.

पोरीचं तोंड उतरलं. साडेएकोणीस हजाराची बॅट आणि जुन्या अठराशेच्या बॅटपेक्षा मागे. तिला सांगितलं की आजचा आकडा हा सुरुवातीचाच आकडा आहे म्हणून लिहून ठेवतोय, पण खरं सांगायचं तर मला पण धक्का बसला.

५ जानेवारी २०२५

सॉफ्ट टॉस सुरू. मी जाळीच्या बाजूला तिरकी बसून बॉल वर टाकते, ती पाऊण ताकदीने मारते. दुपारी ११ ते १.

साठाव्या फटक्यानंतर ती म्हणाली "आई, हा बॉल दगडासारखा लागतोय." वजनकाटा खाली आणला. सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅममध्ये असायला पाहिजे. आमच्या सहापैकी चार बॉल १८५-१९० च्या आसपास, दोन बॉल २२० च्या वर. ते दोन परवा मैदानावर रात्रभर राहिले होते, दव प्यायले. वरून चामडं वाळलेलं म्हणून हाताला कळलं नाही, आत ओलच होती. जड ओला बॉल कॉम्पोझिटला वाईट, पाठोपाठ बसला तर तडा जातो. ते दोन्ही बाजूला काढले, कायमचे, मुलींना कॅचिंगला दिले.

नवे चांगले बॉल घेतले, सहा नग २,४०० रुपये. बॉलवर .४७ आणि ३७५ असे आकडे असलेले बघून घेतले, पहिला आकडा उसळीचा, दुसरा बॉल दाबायला किती पौंड लागतात त्याचा. आमच्या मैदानावरच्या जुन्या बॉलवर काहीच लिहिलेलं नाही. आणि मशीनमध्ये टाकतात ते खड्डे-खड्डे असलेले प्लास्टिकचे पिवळे बॉल तर या बॅटला अजिबात नको, कागदातही तेच लिहिलंय.

आजचे ६० धरले, कारण त्यात ओल्या बॉलचे किती होते ते कळायला मार्ग नाही. कापूस फिरवला, ठीक.

९ जानेवारी

बॅट हलवली की आत काहीतरी वाजतंय. टिक, टिक. बारीक. रात्री पोरीला झोप नाही, मलाही नाही. दादाला आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

१३ जानेवारी

चार दिवस बॅट हातात धरली नाही. दादाने तिथल्या दुकानात विचारलं. त्यांनी सांगितलेली तपासणी: एंड कॅप (बॅरलच्या टोकाचं झाकण) धरून हलकं पिळून बघा करकर येते का, कडेला फट दिसते का, मग हँडल आणि बॅरलचा जोड दोन हातांनी धरून वाकवून बघा सैल लागतो का. तिन्ही ठीक निघालं तर आत गोंदाचा किंवा रेझिनचा सुटा कण असतो, त्याने काही होत नाही. तिन्ही ठीक. कण आहे. अजूनही वाजतो, आता सवय झाली.

मी तरी म्हणेन तपासल्याशिवाय पुढे मारू नका. चार दिवस गेले तरी चालतील.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी असून मारलं नाही, घरात पाहुणे. काका तिळगूळ घेऊन आले आणि बॅटची टिकली बघून गेले, त्यांना अजून वाईट वाटतंय. त्यांना सांगितलं की काका, वाढली नाहीये, खरंच नाही वाढली.

१९ जानेवारी

उरलेले ५० सॉफ्ट टॉस. या टप्प्यात लालला १० कमी, म्हणजे लाल २०, बाकी तिघांना प्रत्येकी ३०. बाबांचा हिशोब चोख.

आज आवाज बदलला. नक्की कुठल्या फटक्याला ते सांगता येत नाही, पण एकूण दोनशेच्या थोडं अलीकडे असेल. आधी कोरडा 'टक' यायचा, जाड काठीने दार ठोठावल्यासारखा. आता भरदार, जरा लांबणारा 'पॉप'. बाबांनी मान वर करून बघितलं, त्यांना खेळातलं फारसं कळत नाही तरी. हाताच्या झिणझिण्या गेल्या असं पोरगी म्हणाली, अंगठ्याच्या बुडाला जो लाल वळ यायचा तोही आज नाही.

गंमत म्हणजे चारही बाजूंना आवाज सारखा नाही. पांढऱ्या ठिपक्याला अजून थोडा बद्द आहे. त्या बाजूने पुढे दहा-पंधरा जास्त मारू.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर थेट मैदानावर. शेवटचा टप्पा, समोरून टॉस, पूर्ण ताकद.

इथे माझा एक विचार बदलला तो लिहायला पाहिजे. मी ठरवलं होतं की बॅट उघडेपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पण १६० पूर्ण ताकदीचे फटके एका मुलीने मारायचे म्हणजे शेवटच्या पन्नासात स्विंग पडतो, खांदा खाली जातो, बॉल नॉबकडच्या बारीक भागावर लागतो, आणि बॅट तिथेच मोडते. चाळीस झाल्यावर हे डोळ्यांनी दिसायला लागलं. पलीकडे तिच्या टीमच्या तीन मुली उभ्या होत्या, टीमच्या किटमध्ये तीन जुन्या बॅट, त्यातल्या एकीची ग्रिप सायकलच्या ट्यूबने बांधलेली. त्या बघत होत्या आणि मागत नव्हत्या.

सरांना विचारलं. सर म्हणाले, "ताई, बॅटला फटके पाहिजेत आणि पोरींना बॅट पाहिजे."

मग चौघींनी मिळून मारले, दहा-दहाच्या फेऱ्या. ठिपक्यांचा नियम सगळ्यांना सांगितला, अर्ध्या मिनिटात समजला. एकीचा हात लहानखुरा, तिने निळ्यावर दहा मारले आणि दहाव्याला बॉल सरळ सेंटरला गेला, ती बॅटकडेच बघत राहिली. आज एकूण ११०. दमलेल्या हाताचा एकही फटका नाही. पांढऱ्याला १५ जास्तीचे दिले.

२ फेब्रुवारी

उरलेले ५०, परत चौघी. ४०० पूर्ण. थंडीतले २६ धरले तर ४२६.

मग मोजणी, तीच टी, तेच मैदान, तेच माझे पाय, तीच पोरगी. अ‍ॅलॉय ४४, म्हणजे तिची ताकद महिन्यात काही वाढलेली नाही. नवी बॅट ४८.

पुन्हा दहा मारायला लावले कारण मला खरं वाटेना. ४७.

कापूस फिरवला. रंगाच्या बारीक रेघा आल्यात बॅरलच्या मध्यावर, नख कुठेही अडकत नाही. काकांची टिकली तेवढीच.

खर्च लिहून ठेवते: टी ४९०, जाळी ११००, बॉल २४००, नेलपॉलिश घरातलं. ३,९९० बॅट सोडून. वेळ सात आठवडे, त्यातले निदान तीन आमच्या चुकांमुळे आणि थंडीमुळे गेले. मार्च-एप्रिलमध्ये आणली असती तर दोन आठवड्यांत झालं असतं, पण मग उन्हाची काळजी, आमच्याकडे ४४ डिग्री जातं आणि गाडीच्या डिकीत बॅट विसरली तर गोंद सुटायचा.

९ फेब्रुवारी

प्रॅक्टिस मॅच. अंपायरनी बॅट जाडी तपासायच्या रिंगमधून घातली, अडकली नाही, ओके. पिचर ४३ फुटांवरून टाकणारी, आपलीच सीनियर मुलगी, वेगवान. लेकीचा पहिला बॉल फाऊल, दुसरा मिस, तिसरा शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून. आवाज बाकावरच्या सगळ्यांनी ऐकला.

दुसऱ्या इनिंगला ती बॅट घेऊन परत आली आणि नॉबवरचे ठिपके पुसू का विचारलं. नको म्हटलं, फिरवत राहायचंय, मॅचमध्ये नाही पण प्रॅक्टिसला रोज. मग ती बॅट तिने त्या लहानखुऱ्या हाताच्या मुलीकडे दिली, तिचा नंबर होता. ती बॅटिंगला जाताना नॉब बघत होती, निळा वर आहे का ते.